हृदय कमवा, फुफ्फुसं जपा: सोलापुरात व्यायाम सुरू करणाऱ्यांसाठी पहिले बारा आठवडे

दुसऱ्या मजल्यावर पोचलं की मिनिटभर बोलवत नाही. नवी पेठेत गाडी लांब लावावी लागली तर चालायचं जिवावर येतं. लग्नाच्या वरातीत दोन गाणी नाचलं की छाती धडधडते. पस्तिशी-चाळिशीतला माणूस याला 'वय झालं' म्हणतो आणि विषय संपवतो. पण या वयात लागणारी धाप बहुतेक वेळा वयाची नसते, शरीर वापरायचं थांबल्याची असते. वापर पुन्हा सुरू केला की ती कमी होते, आणि हे साठीच्या पुढेही घडतं. शाळेतल्या पीटीच्या तासानंतर ज्यांनी कधी व्यायाम केलाच नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. हृदय हा स्नायू आहे, तो कमावता येतो. फुफ्फुसांचं तसं नाही. त्यांना स्वतःचे स्नायू नसतात. छातीखालचा पडदा आणि बरगड्यांमधले स्नायू त्यांना ताणतात आणि सोडतात. फुफ्फुसांत कोट्यवधी हवेचे फुगे असतात, व्यायामाने त्यांची संख्या वाढत नाही. पंचविशी-तिशीनंतर फुफ्फुसांची ताकद दरवर्षी थोडी थोडी उतरतच जाते, आणि धूर-धूळ ती उतरण फार वेगवान करतात. म्हणून हृदय कमवायचं आणि फुफ्फुसं जपायची, अशी ही दोन वेगळी कामं आहेत. रोज पाच किलोमीटर चालून आल्यावर टपरीवर विडी पेटवणारा माणूस यातलं एकच काम करतो आहे.

चाललं की आत काय बदलतं

शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फिरवतं, म्हणजे अंगातलं जवळपास सगळं रक्त मिनिटभरात एक फेरी मारून येतं. दिवसाचे ठोके मोजले तर लाखाच्या घरात जातात. जोरात श्रम करताना हेच हृदय पंधरा-वीस लिटरपर्यंत जातं. सवय नसलेल्या हृदयाला हे मुख्यतः ठोके वाढवून जमवावं लागतं. नियमित चालणाऱ्याचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं, शिवाय मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्तातला ऑक्सिजन अधिक चांगला उचलायला शिकतात. त्यामुळे तोच जिना चढताना श्वास कमी लागतो. फुफ्फुसं तेवढीच असतात, त्यांच्यावरची मागणी घटते.

याचा हिशोब घरी करून बघता येतो. बसल्या जागी तुमची नाडी मिनिटाला ८० असेल आणि काही महिन्यांच्या चालण्यानंतर ती ७० वर आली, तर दिवसाकाठी १४,४०० ठोके वाचले.

घराबाहेर पडण्याआधी

चाळिशी ओलांडली असेल, किंवा मधुमेह, रक्तदाब, दमा, आधीचा हृदयविकार यांपैकी काही असेल, किंवा घरात वडील-भावाला लहान वयात हार्ट अटॅक आला असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा. बीपी, उपाशीपोटी साखर, कोलेस्टेरॉल आणि एक ईसीजी एवढं पुरतं. बीपी आणि साखर सिव्हिलमध्ये किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रातही तपासून मिळते. बीपी १४०/९० च्या वर वारंवार येत असेल तर उपचार हवेतच. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या पुढे असेल तर तो खाली येईपर्यंत व्यायाम सुरू करू नका.

बायकांनी हिमोग्लोबिन जरूर बघून घ्यावं. रक्त कमी असलं तरी अगदी अशीच धाप लागते. मग महिना-महिना चालूनही फरक पडत नाही आणि बाई स्वतःला आळशी समजत राहते. तिथे चालण्याआधी लोहाच्या गोळ्या लागतात.

नाडी मोजायला शिका. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटं ठेवा, ३० सेकंद ठोके मोजा आणि दुप्पट करा. सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी. मोठ्या माणसात ६० ते १०० हे सामान्य. ठोके एकसारखे पडत नसतील, मधेच चुकत असतील, तर ते डॉक्टरांच्या कानावर घाला. एकदा टेपने कंबरही मोजा, बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता. आपल्या लोकांत पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी. वजनकाट्यापेक्षा मला हा आकडा जास्त खरा वाटतो, कारण हृदयाला जड जाते ती पोटाच्या आतली चरबी. हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, अशी माणसं आपल्याकडे खूप आहेत.

कुठे आणि किती वाजता

सोलापुरात व्यायामाची वेळ घड्याळ ठरवत नाही, ऋतू ठरवतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे असतो. अशा उन्हात शरीर रक्त कातडीकडे वळवतं, अंग थंड ठेवण्यासाठी. पायांनाही रक्त हवं असतं. दोन्ही भागवायला हृदय ठोके वाढवतं. जानेवारीत जो वेग सहज झेपतो तोच मेमध्ये छाती धडधडवतो, ते यामुळे. उन्हाळ्यात उजाडता उजाडता निघा आणि सातच्या आत घरी या. संध्याकाळी साडेसातच्या आधी डांबरी रस्त्यावर उतरू नका, दिवसभर तापलेला रस्ता तोवर आग ओकत असतो. नव्याने सुरू करणाऱ्याच्या शरीराला उन्हाळ्याची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस जातात. तेवढे दिवस वेळ निम्मी ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट करा. थंडीत पहाटेची हवा खाली साचून राहते. त्यात शेकोट्यांचा, पेटवलेल्या कचऱ्याचा आणि गाड्यांचा धूर अडकतो. अंधारात पाचला निघण्यापेक्षा ऊन पडल्यावर, साडेसात-आठला चालणं फुफ्फुसांना बरं. 'पहाटेची हवा शुद्ध' हे शेतावर खरं असेल, शहरातल्या हिवाळ्यात नाही. दमेकऱ्यांनी तर हे पाळावंच. पावसाळ्याची आपल्याकडे फारशी अडचण नसते. हा पर्जन्यछायेचा मुलूख, पावसामुळे चुकणारे दिवस मोजकेच.

जागा निवडताना दोनच गोष्टी बघा, गाड्यांपासून लांब आणि शक्यतो मातीची किंवा सपाट वाट. सिद्धेश्वर तलावाचा परिसर, भुईकोट किल्ल्यालगतची हुतात्मा बाग, विजापूर रोडला संभाजी तलाव, ज्याला जुनी माणसं अजून कंबर तलाव म्हणतात. होम मैदान मोकळं आहे, पण गड्ड्याच्या यात्रेत तिथे पाय ठेवायला जागा नसते आणि धूळ उडत असते. जानेवारीतले ते दिवस दुसरीकडे जा. अक्कलकोट रोड, होटगी रोड यांसारख्या जड वाहनांच्या रस्त्यांच्या कडेने चालणं टाळा. आपण भराभर चालतो तेव्हा बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत ओढतो, आणि ट्रकचा धूरही तेवढाच जास्त. घराजवळ यांपैकी काहीच नसेल तर मुख्य रस्ता सोडून दोन गल्ल्या आत जा. तेवढ्यानेही फरक पडतो.

वेग: याच पायरीवर लोक सोडून देतात

नवा माणूस पहिल्या दिवशी जोशात पाऊण तास चालतो, मध्ये धावतोसुद्धा. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात, चौथ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो आणि आठवड्याभरात बूट पलंगाखाली जातात. दरवर्षी एक जानेवारीनंतर बागांमध्ये गर्दी होते आणि रथसप्तमीच्या सुमारास ओसरते. या माणसांची जिद्द कमी नसते, त्यांचा वेग चुकलेला असतो.

योग्य वेग ओळखायला घड्याळ, पट्टा, मोबाइल काही लागत नाही. चालताना समोरून ओळखीचं कुणी आलं आणि 'काय मालक, आज लवकर निघालात की, घरी सगळं बरं ना?' एवढं वाक्य तुम्हाला एका दमात बोलता आलं, पण त्याच दमात गाणं म्हणता येणार नाही असं वाटलं, तर वेग बरोबर आहे. गाणं आरामात म्हणता येतंय म्हणजे फारच रमतगमत चालला आहात. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय म्हणजे जास्त होतंय, कमी करा. सोबतीला कुणी असेल तर बोलतच चाला, कसोटी आपोआप होत राहते.

ही कसोटी मला नाडीच्या आकड्यांपेक्षा जास्त भरवशाची वाटते. २२० मधून वय वजा करून जास्तीत जास्त ठोके काढायचं सूत्र सगळीकडे सांगतात, पण ते अंदाजाचं आहे. माणसामाणसात दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज असतो. शिवाय रक्तदाबाच्या काही गोळ्या, म्हणजे बीटा-ब्लॉकर प्रकारच्या, ठोके दाबून ठेवतात. मेटोप्रोलॉल घेणारा माणूस आकड्यामागे धावला तर नको तेवढा दमेल. बोलण्याची कसोटी गोळी घेणाऱ्यालाही लागू पडते आणि उन्हाळ्यातही, कारण ऊन जास्त असलं की श्वास आधी अडतो आणि वेग आपोआप उतरतो.

आठवड्यांचा हिशोब

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. १५० म्हणजे रोज अर्धा तास, पाच दिवस. तिथे पोचायला दोन महिने घ्या. घाई नाही.

पहिले दोन आठवडे फक्त दहा मिनिटं. सुरुवातीची तीन मिनिटं सावकाश, मधली चार कसोटीच्या वेगात, शेवटची तीन पुन्हा सावकाश. घरी आल्यावर 'एवढंच?' असं वाटलं पाहिजे. उद्या पुन्हा जायची इच्छा शिल्लक ठेवणं हे या दोन आठवड्यांचं खरं काम. आठवड्यातून पाच दिवस तरी निघा.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पंधरा ते वीस मिनिटं. या सुमारास नडगीच्या पुढच्या बाजूला किंवा टाचेत दुखू शकतं. दोन दिवस वेळ कमी करा आणि बुटाचा तळ बघा, झिजलेला असेल तर बदला. साधे कॅनव्हासचे चालतील, चपलेवर मात्र नको.

पाचव्या-सहाव्यात पंचवीस, सातव्या-आठव्यात तीस मिनिटं. एका वेळी जमत नसेल तर सकाळी पंधरा आणि रात्री जेवणानंतर पंधरा करा. जेवणानंतरच्या चालण्याने साखरही आटोक्यात राहते, मधुमेह असेल तर उलट हीच वाटणी चांगली. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, चालताना साखर फारच उतरली तर खायला, खिशात दोन चमचे साखरेची पुडी ठेवावी आणि घरी आल्यावर कुठे जखम-फोड नाही ना हे पायाच्या तळव्यांवर बघावं.

नवव्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत आठवड्यातले दोन दिवस जरा वेगळे. दोन मिनिटं नेहमीच्या वेगात, एक मिनिट इतकं भराभर की बोलणं तुटावं, मग परत दोन मिनिटं नेहमीचं. असे सहा-सात फेरे. हृदयाला एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायची सवय या एका-एका मिनिटात सगळ्यात चांगली लागते. हृदयविकार असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. गुडघे दुखत असतील तर हेच सायकलवर करा. सोलापूर बरंचसं सपाट आहे, सायकलीला फार सोयीचं. पोहायला येत असेल तर त्यासारखं दुसरं नाही.

कारखान्यात काम करणारी माणसं विचारतात, आम्ही दिवसभर उभेच असतो, आम्हाला कशाला हवं हे? यंत्रमागावर आठ-दहा तास उभं राहणं, एका मागावरून दुसऱ्यावर जाणं हे श्रम आहेतच, अंग मोडून येतं. पण हृदयाचे ठोके वाढून सलग दहा-वीस मिनिटं तिथे टिकणं त्यात होत नाही, आणि ते सगळं धुळीत आणि खडखडाटात चालतं. पाळी सुटल्यावर मोकळ्या हवेतली वीस मिनिटं वेगळीच. रात्रपाळी असेल तर आधी झोप पूर्ण करा आणि संध्याकाळी चाला. झोप तोडून चालण्यात अर्थ नाही.

विडी वळणाऱ्या बायकांचं दुखणं याच्या उलट आहे. सूप मांडीवर घेऊन तासन् तास एका बैठकीत, मान खाली. बसून राहणं हा हृदयाला स्वतंत्र धोका आहे, सकाळी चालून आलं तरी तो पुरता जात नाही. अर्ध्या-पाऊण तासाने सूप बाजूला ठेवून उठा, दारापर्यंत दोन फेऱ्या मारा, दहा वेळा टाचा उचला. विड्या द्यायला कारखान्यात जाताना थोडं अलीकडे उतरून चालत जा. रोज जाणं असतंच, त्यातच दहा मिनिटं निघतात.

थोडी ताकद

आठवड्यातून दोन दिवस, पंधरा मिनिटं. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा, भिंतीला हात लावून दहा जोर, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलणं. मांड्या भक्कम झाल्या की जिना हृदयाला हलका जातो. सूर्यनमस्कार येत असतील तर ते घाला, सावकाश चार-सहापासून सुरुवात करून. बीपी वाढलेलं असेल तर डोकं खाली जाणाऱ्या स्थितीत थांबू नका.

नळाला पाणी येतं त्या दिवशी घागरी-बादल्या वर नेणं हा आपल्या घरांतला मोठाच व्यायाम आहे. तो करताना दम कोंडून ठेवू नका. उचलताना दम रोखला की बीपी एकदम वर उसळतं. तोंडाने श्वास सोडत उचला, आणि एक भरलेली बादली नेण्याऐवजी दोन अर्ध्या, दोन हातांत.

श्वासाचे व्यायाम

पाठीवर झोपा, एक हात छातीवर, एक पोटावर. नाकाने श्वास घेताना पोटावरचा हात वर यायला हवा, छातीवरचा जवळपास स्थिर. मग ओठ शीळ घातल्यासारखे अर्धवट मिटून, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ श्वास बाहेर सोडा. रोज पाच मिनिटं. दमेकरी आणि विडी-सिगारेटमुळे फुफ्फुसं खराब झालेल्या माणसांना ओठ मिटून श्वास सोडण्याचा फार उपयोग होतो, कारण त्यांची हवा आतच अडकून राहते. जिन्यात धाप लागली तर थांबून हेच करा.

अनुलोम-विलोम, भ्रामरी मनाला शांत करतात, बीपीलाही थोडी मदत होते. जरूर करा, पण चालण्याच्या जागी नको. बसून केलेल्या प्राणायामाने पायांच्या स्नायूंना ऑक्सिजन उचलायची सवय लागत नाही. कपालभाती आणि भस्त्रिका बीपी, हृदयविकार, हर्निया असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी टाळावी.

आता फुफ्फुसं जपायची

तंबाखूचं आधी. विडी लहान असते म्हणून कमी घातक, हा समज सोडा. ती विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा आणि खोल ओढावी लागते, त्यामुळे धूर आत भरपूर जातो. 'दिवसाला एकच' यानेही हृदय सुटत नाही. दिवसाला वीस सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, त्यातला जवळपास निम्मा एकाच सिगारेटने पदरात पडतो. कमी करण्यात समाधान मानू नका, बंद करा. मावा, गुटखा, मिश्रीतून धूर येत नाही, पण निकोटीन रक्तात जाऊन ठोके आणि बीपी वाढवतंच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे.

सोडल्याचा फायदा लवकर दिसतो. दोन-तीन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरलेला असतो आणि तेवढा ऑक्सिजन जास्त मिळतो. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका निम्म्यावर येतो, फुफ्फुसाच्या कॅन्सरचा यायला दहा वर्षं लागतात. तलफ काही मिनिटंच जोरात असते. नेमक्या त्या वेळी उठून भराभर चाललं तर ती सरते. म्हणून सोडण्याची तारीख चालायला लागल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातली ठेवा, आधार तयार असतो. १८००-११-२३५६ हा केंद्र सरकारचा तंबाखूमुक्तीचा मोफत नंबर आहे. निकोटीनच्या गोळ्या-च्युइंगमही मिळतात, डॉक्टरांना विचारून घ्या. पहिले काही आठवडे खोकला वाढू शकतो. तो छाती साफ होण्याचा खोकला असतो, घाबरून परत पेटवू नका.

घरातल्या घरात ओढणाऱ्याचा धूर बायको-मुलांच्या फुफ्फुसात जातो. चूल, डासांची कॉइल, बंद देवघरातला धूप यांचा धूर फुफ्फुसाला तसाच लागतो. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा, आणि मिरचीची फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा.

मग धूळ. चादर-टॉवेलच्या कारखान्यात सुताचा कोंडा हवेत तरंगत असतो. कापसाच्या धुळीने छातीचा एक आजार होतो, बिसिनोसिस. तो सहज ओळखता येतो. साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्याच दिवशी छाती आवळते, खोकला येतो, आणि पुढच्या दिवसांत कमी होतं. सुरुवातीला एकच दिवस, वर्षं गेली की रोज. हे पहिल्या पायरीवर ओळखलं आणि धूळ टाळली तर फुफ्फुस वाचतं, पुढे गेलं की मागे येत नाही. अशी लक्षणं असतील तर छातीच्या डॉक्टरांकडून स्पायरोमेट्री करून घ्या, नळीत जोरात फुंकायची साधी तपासणी आहे. कामावर एन-९५ मास्क लावा, तोंडाला गुंडाळलेल्या रुमालातून बारीक धूळ आरपार जाते. खराट्याने झाडण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसा. कपड्यांवरचा कोंडा हवेच्या पाइपने उडवू नका, तो सगळा नाका-तोंडात जातो. घरी आल्यावर मुलांना जवळ घेण्याआधी अंघोळ करा.

दमा असलेल्यांनी व्यायाम बंद करायचं काहीच कारण नाही. चालण्याआधी डॉक्टरांनी सांगितलेला पंप घ्या आणि सुरुवातीची सावकाश मिनिटं दहापर्यंत वाढवा. 'पंपाची सवय लागते' या भीतीने तो टाळून माणसं गोळ्या-इंजेक्शनांवर जातात. पंपातून औषधाचा अगदी थोडा डोस थेट फुफ्फुसात जातो, उलट तोच सुरक्षित. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरा. दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर दरवर्षी फ्लूची लस घ्या, न्यूमोनियाच्या लशीबद्दलही विचारा. आणि दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला तर थुंकी तपासा. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

ताट

आपलं मूळचं ताट चांगलं आहे. ज्वारीची भाकरी, अंबाडी-मेथीची भाजी, डाळ, ताक. त्यात बिघडवलं आहे ते मिठाने आणि तेलाने. दिवसाला माणशी मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे एक छोटा चमचा, सगळं धरून. शेंगाचटणी सोडा असं मी सांगणार नाही. शेंगदाण्याची चरबी हृदयाला वाईट नाही. पण बाजारच्या चटणीत मीठ बरंच असतं, घरी कमी मिठाची कुटा आणि जेवणात एक चमचा घ्या. पापड, लोणचं, फरसाण रोजचं नको. मटणाच्या रश्श्यावरचा तेलाचा तवंग चमच्याने काढा, खाली चव तशीच असते. भज्यांसाठी पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल आणि वनस्पती तुपातली खारी-बिस्किटं धमन्यांना सगळ्यात वाईट. डाळिंबं आपल्या जिल्ह्यात पिकतात, रस न काढता दाणे खा.

उन्हाळ्यात तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. ताकात मीठ न घालता जिरेपूड घाला. लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल किंवा हृदय कमजोर असेल तर पाणी किती प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा.

झोप सात तास तरी हवी. जोरात घोरणं, झोपेत श्वास थांबल्यासारखा होणं आणि दिवसा डुलक्या येणं हे एकत्र असेल तर तपासून घ्या, त्याने बीपी औषधालाही जुमानत नाही.

कधी लगेच थांबायचं

चालताना छातीच्या मधोमध दाब किंवा आवळल्यासारखं वाटलं, ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत गेलं, दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच बसा आणि १०८ ला फोन करा. चालल्यावर दुखतं, थांबलं की जातं, असं वारंवार होत असेल तर तेही हृदयाचंच समजा आणि त्याच दिवशी दाखवा. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये कधी कधी छाती फारशी दुखत नाही. नुसती धाप, मळमळ, अचानक गळून जाणं एवढंच होतं. 'पित्त झालंय' म्हणून सोडा पिऊन घरी पडून राहण्यात मोलाचे तास जातात. हार्ट अटॅकमध्ये स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो. स्वतः गाडी चालवत दवाखान्यात जाऊ नका.

समोरचा माणूस कोसळला, हाक मारून उठत नाही, नीट श्वास घेत नाही असं दिसलं तर कुणाला तरी १०८ लावायला सांगा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबा, पाच सेंटिमीटर खोल. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्या. मदत येईपर्यंत थांबू नका, दमलात की दुसऱ्याला बसवा. बागेत रोज एकत्र चालणाऱ्यांनी हे प्रशिक्षण घेऊन ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

खंड पडला तर

पडतोच. लग्नसराई, आषाढी, मुलांच्या परीक्षा, पाहुणे. आठवडाभर गेला तर पुन्हा होतात तिथूनच सुरू करा. दोन-तीन आठवडे गेले तर दोन पायऱ्या मागे या, तीस मिनिटांवर असाल तर वीस. महिन्याच्या वर गेला तर दहापासून, पण या वेळी चढायला निम्मे दिवस पुरतात.

तापात चालू नका. नुसती सर्दी असेल तर सावकाश चाललं तर चालतं. ताप, अंगदुखी किंवा छातीतला खोकला असेल तर ताप उतरून दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग निम्म्या वेळेने सुरुवात करा. विषाणूच्या तापात कधी कधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते आणि त्यात जोर केला तर ठोके बिघडू शकतात. पहिल्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर धाप लागली, छातीत धडधडलं किंवा सकाळची नाडी नेहमीपेक्षा दहा-पंधराने जास्त आली, तर आणखी दोन दिवस थांबा. तरीही उतरली नाही तर ईसीजी काढून घ्या.